रेसिडेन्सीशिवाय अमेरिकेत डॉक्टरकी: राजीनामा देण्याआधी

नमस्कार डॉक्टर,

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही एमडी मेडिसिन, साताऱ्याकडच्या एका खाजगी हॉस्पिटलात गेली काही वर्षं कन्सल्टंट. मिस्टर टेनेसीतल्या नॅशव्हिलला एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर. टेनेसी, फ्लोरिडा वगैरे राज्यांत आता परदेशात शिकलेल्या डॉक्टरांना रेसिडेन्सी, म्हणजे तिथल्या हॉस्पिटलातलं पदव्युत्तर प्रशिक्षण, न करता तात्पुरतं लायसन्स मिळतं, असं तुमच्या बॅचच्या ग्रुपवर आलं. त्यावरून तुमचा बेत ठरलाय तो असा: मार्चअखेर राजीनामा, मुलाची परीक्षा झाली की इकडे यायचं, घरी बसून स्टेप्सचा, म्हणजे लायसन्सच्या परीक्षांचा, अभ्यास करायचा आणि मग लायसन्सचा अर्ज. हे लायसन्स खरंच मिळतं का आणि किती दिवसांत, असं तुम्ही विचारलंय, शिवाय तुमच्या नणंदेला यातलं काही लागू होतं का, हेही.

मिळतं. कायदे खरे आहेत, अफवा नाही. पण तुमच्या बेतात मला खटकतंय ते लायसन्स नाही, राजीनामा खटकतोय. तो एवढ्यात देऊ नका. का, ते सविस्तर सांगतो.

मी मुंबईत एमबीबीएस करून इकडे रेसिडेन्सी केलेला हॉस्पिटलिस्ट, म्हणजे हॉस्पिटलात दाखल असलेले पेशंट बघणारा डॉक्टर, आहे. दक्षिणेकडच्या एका मध्यम आकाराच्या हॉस्पिटलच्या क्रेडेन्शियल्स कमिटीवर बसतो. लायसन्स मिळालेल्या डॉक्टरला आमच्या हॉस्पिटलात पेशंट बघू द्यायचे का, कोणते प्रोसिजर करू द्यायचे, हे ही कमिटी ठरवते. त्यामुळे मी हा विषय बघतो तो अर्ज जिथे येऊन पडतो त्या टेबलावरून. व्हिसाबद्दल खाली जे लिहिलंय ते ढोबळ समजा आणि त्यासाठी वकील गाठा.

आधी कायद्याचं. पूर्वी जवळपास सगळीकडे नियम एकच होता: तुम्ही भारतात वीस वर्षं प्रॅक्टिस केलेली असो, एम्सला प्रोफेसर असा, अमेरिकेत पूर्ण लायसन्स हवं तर अमेरिकेत किंवा कॅनडात रेसिडेन्सी करा. कॅलिफोर्निया ३६ महिने मागतं, न्यूयॉर्क परदेशी पदवीधरांकडे तीन वर्षं मागतं, टेक्सास दोन. नामांकित विद्यापीठांत प्राध्यापक म्हणून येणाऱ्यांसाठी वेगळी खिडकी असायची, पण ती मोजक्यांसाठी. २०२३ मध्ये टेनेसीने यातून वाट काढणारा कायदा केला आणि मग रांगच लागली. फ्लोरिडा, व्हर्जिनिया, विस्कॉन्सिन, मॅसॅच्युसेट्स २०२४ मध्ये, टेक्सास २०२५ मध्ये. आता डझनाहून जास्त राज्यांत काही ना काही कायदा आहे. कारण सरळ आहे. खेड्यापाड्यांत डॉक्टर नाहीत, रेसिडेन्सीच्या जागा त्या मानाने वाढत नाहीत, आणि परदेशातून आलेले अनुभवी डॉक्टर मेडिकल असिस्टंटचं काम करताहेत हे आमदारांनाही दिसायला लागलं.

सगळ्या कायद्यांचा सांगाडा साधारण सारखाच. ईसीएफएमजी (परदेशी पदवीधर डॉक्टरांची पात्रता तपासणारी अमेरिकन संस्था) हिचं सर्टिफिकेट हवं, म्हणजे यूएसएमएलई या लायसन्सच्या परीक्षेची स्टेप वन, स्टेप टू सीके, शिवाय इंग्रजी संभाषणाची ओईटी परीक्षा. मायदेशात तुमचं रजिस्ट्रेशन चालू हवं आणि त्यावर डाग नको. मायदेशात रेसिडेन्सीसारखं प्रशिक्षण झालेलं हवं. आणि त्या राज्यातल्या एखाद्या हॉस्पिटलची किंवा संस्थेची नोकरीची ऑफर हातात हवी. हे सगळं जमलं की ठरावीक मुदतीचं लायसन्स मिळतं, बहुतेक ठिकाणी देखरेखीखालचं. मुदत नीट पार पडली की पूर्ण लायसन्स. टेनेसीच्या मूळ कायद्यात ही मुदत दोन वर्षांची होती आणि नोकरी देणाऱ्या संस्थेकडे मान्यताप्राप्त रेसिडेन्सी प्रोग्राम असावा अशी अट होती. नंतर त्यात दुरुस्त्या झाल्या आहेत, तेव्हा अर्ज करायच्या महिन्यात राज्याच्या मेडिकल बोर्डाच्या साइटवर जे कलम असेल तेच वाचा, कोणी फॉरवर्ड केलेलं नको. फ्लोरिडात तर याला तात्पुरतं म्हणतही नाहीत. लायसन्स मिळतं, पण ज्या नोकरीवर मिळालं ती, किंवा त्याच राज्यातल्या दुसऱ्या संस्थेतली नोकरी, सलग दोन वर्षं टिकवावी लागते.

तुमच्या बेतातली मेख आहे ती फ्लोरिडाच्या एका ओळीत. अर्ज करण्याच्या तारखेआधीची चार वर्षं, पूर्णच्या पूर्ण, तुम्ही प्रॅक्टिसमध्ये असायला हवं. म्हणजे तुम्ही राजीनामा दिलात, इकडे येऊन दोन-अडीच वर्षं स्टेप्स केल्यात, तर ज्या दिवशी ईसीएफएमजीचं सर्टिफिकेट हातात येईल त्या दिवशी फ्लोरिडाचं दार तुमच्यासाठी बंद झालेलं असेल. टेनेसीची भाषा त्या मानाने सैल होती: तीन वर्षांचं पदव्युत्तर प्रशिक्षण, किंवा गेल्या पाचपैकी तीन वर्षं प्रॅक्टिस. तुमची एमडी तीन वर्षांची, म्हणजे कागदावर तुम्ही बसता. पण कागदावर बसणं आणि नोकरी मिळणं यात फरक आहे. अमेरिकेतल्या बहुतेक हॉस्पिटलांच्या नियमावलीत गेल्या दोनेक वर्षांत प्रत्यक्ष किती पेशंट बघितले याचा हिशेब मागतात. इथे जन्मलेली, इथेच शिकलेली डॉक्टर बाळंतपणानंतर तीन वर्षं घरी राहिली तरी परत रुजू होताना तिला प्रश्न विचारतात. तुम्हाला तर विचारतीलच. राज्यांच्या मेडिकल बोर्डांची संघटना, ईसीएफएमजी चालवणारी संस्था आणि रेसिडेन्सींना मान्यता देणारी संस्था यांनी मिळून एक आयोग नेमला होता. या नव्या कायद्यांसाठी त्याने राज्यांना ज्या शिफारशी केल्या, त्यातही प्रॅक्टिसमधल्या खंडाला मर्यादा घाला असं आहे. म्हणजे वारं कुठल्या दिशेचं आहे ते कळतं.

यावर नेहमी येणारे दोन प्रतिप्रश्न इथेच निकालात काढतो. ऑब्झर्व्हरशिप म्हणजे प्रॅक्टिस नव्हे. पांढरा कोट घालून राउंडला मागे उभं राहिलात, तर शिफारसपत्र मिळेल, पण तो काळ खंडातच मोजला जाईल. इकडून ऑनलाइन भारतातले पेशंट बघणं, हाही तोडगा म्हणून सांगितला जातो. एच-फोरवर, म्हणजे एच-वन-बीवाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर, काम करण्याची परवानगी नसताना तसं करणं व्हिसाच्या दृष्टीने अडचणीचं आहे, आणि कमिटीसमोर ते फारसं टिकत नाही.

मग स्टेप्सचं काय? तर त्या तिकडेच करा. स्टेप वन आणि स्टेप टू सीके भारतातल्या प्रोमेट्रिक केंद्रांवर देता येतात. स्टेप थ्री तेवढी अमेरिकेत येऊन द्यावी लागते. स्टेप वन जानेवारी २०२२ पासून फक्त पास-नापास झाली आहे, म्हणजे कन्सल्टंट म्हणून दिवसभर ओपीडी करून, रात्री क्वेश्चन बँक सोडवून ती काढता येते. कठीण आहे. बायोकेमिस्ट्री पुन्हा उघडताना रडू येतं, हे मी बॅचमेट्सकडून ऐकत आलोय. पण तुम्ही रोज पेशंट बघता याचा स्टेप टूला फायदाच होतो. दोन गोष्टी मात्र पक्क्या लक्षात ठेवा. एका स्टेपला जास्तीत जास्त चार प्रयत्न मिळतात, आणि पहिली परीक्षा पास झाल्यापासून सात वर्षांत ईसीएफएमजीची सगळी पूर्तता व्हावी लागते. घाईने बसून नापास होण्यापेक्षा सहा महिने पुढे ढकललेलं बरं. नापासाचा शिक्का कायम दिसतो. स्टेप टू सीएस नावाची अमेरिकेत येऊन द्यायची प्रात्यक्षिक परीक्षा २०२१ मध्ये बंद झाली. तिच्या जागी जे मार्ग आलेत त्यात मायदेशात स्वतंत्र प्रॅक्टिसचं लायसन्स असलेल्या डॉक्टरांसाठी एक आहे. तुमच्यासाठी तो सोपा, पण त्यातही रजिस्ट्रेशन बघतात.

आता कागदपत्रं. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण हुशार माणसांच्या फाइल्स इथे महिनोन् महिने अडकलेल्या मी बघितल्या आहेत.

महाराष्ट्रातल्या लग्न झालेल्या डॉक्टरणीचं नाव हे एक प्रकरणच असतं. एमयूएचएसच्या (महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या) गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं. एमएमसीच्या (महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या) रजिस्ट्रेशनवर एमबीबीएसच्या वेळचं माहेरचं नाव. एमडीच्या पदवीवर, मध्ये लग्न झालं असेल तर, सासरचं. पासपोर्टवर नवऱ्याचं नाव मधे. आमच्याकडे आलेल्या एका फाइलमध्ये एकाच बाईंची तीन नावं होती, आणि आमच्या मेडिकल स्टाफ ऑफिसमधली बाई मला विचारत होती की या तिघींपैकी अर्ज कोणाचा आहे. आपल्याला हसू येतं, पण तिला आडनाव आधी लिहायची पद्धत माहीत असण्याचं कारण नाही. तेव्हा पासपोर्टवर जे नाव असेल ते धरा, आणि बाकी सगळं त्याच्याशी जोडणारे पुरावे आत्ताच गोळा करा: विवाह नोंदणीचा दाखला, राजपत्रातली नावबदलाची नोंद, प्रतिज्ञापत्र. ईसीएफएमजीचं खातं उघडतानाच पासपोर्टवरचं नाव घाला. नंतर बदलता येतं, पण तो ताप कशाला.

दुसरं, एमडीची नोंद. एमडी झाल्यावर एमएमसीकडे अतिरिक्त पात्रता म्हणून ती वेगळी नोंदवावी लागते, आणि आपल्याकडे कित्येक जण ती करतच नाहीत. पाटीवर एमडी, प्रिस्क्रिप्शनवर एमडी, कौन्सिलच्या रजिस्टरमध्ये नुसतं एमबीबीएस. भारतात कोणी विचारत नाही. इथे मात्र तुमची पडताळणी थेट कौन्सिलकडून होते आणि उत्तर येतं, एमबीबीएस. मग विशेषज्ञ म्हणून केलेला अर्ज गडगडतो. तसंच पाच वर्षांनी होणारं नूतनीकरण आणि त्याचे ३० क्रेडिट पॉइंट: अमेरिकेत आल्यावर ते गोळा करायची धावपळ नको, निघण्याआधी नूतनीकरण करून घ्या. कौन्सिलच्या गुड स्टँडिंग सर्टिफिकेटला (तुमच्यावर कारवाई नसल्याच्या दाखल्याला) मुदत असते, ते मात्र आधी काढून ठेवून उपयोग नाही.

तिसरं, तुमच्या कामाची साक्ष कोण देणार? आमची कमिटी अर्जदाराच्या सोबत नुकतंच काम केलेल्या डॉक्टरांकडून रेफरन्स मागते. छापील शिफारसपत्र नाही चालत, त्यांना फॉर्म जातो आणि त्यात नेमकं विचारलेलं असतं: सेंट्रल लाइन घालताना बघितलंय का, क्लिनिकल निर्णय कसे असतात, सहकाऱ्यांशी वागणं कसं आहे. स्वतःचं नर्सिंग होम चालवणाऱ्यांची इथे पंचाईत होते, कारण त्यांच्या वर कोणी नसतं. तुमच्या हॉस्पिटलात निदान मेडिकल डायरेक्टर आहेत, इंटेन्सिव्हिस्ट आहेत. निघताना त्यांचे चालू ईमेल घ्या, फॉर्म येईल हे सांगून ठेवा. आणि आजपासून एक साधी वही किंवा एक्सेल शीट ठेवा: महिन्याला किती अ‍ॅडमिशन, किती आयसीयू, किती प्रोसिजर. पेशंटची नावं नकोत, आकडे हवेत, आणि त्याखाली हॉस्पिटलची सही-शिक्का. एमडीनंतर बंधपत्राची सेवा केली असेल तर तिचाही दाखला काढा, तीही प्रॅक्टिसच आहे. ग्राहक न्यायालयात कधी केस झाली असेल, निकाल तुमच्या बाजूने लागला असला तरीसुद्धा, अर्जात लिहा. केस असणं हा अडथळा क्वचितच ठरतो. लपवलेली सापडली तर मात्र अर्ज तिथेच संपतो.

समजा हे सगळं जमलं आणि ऑफरही मिळाली. पुढे काय मिळतं आणि काय मिळत नाही?

लायसन्स राज्य देतं. पेशंट बघण्याचे अधिकार हॉस्पिटल देतं. पैसे विमा कंपनी देते. आणि चूक झाली तर पाठीशी उभी राहते ती मालप्रॅक्टिसची विमा कंपनी. हे चार वेगवेगळे निर्णय आहेत, आणि विधिमंडळाने त्यातला फक्त पहिला सोपा केलाय. मेडिकेअरला, म्हणजे ज्येष्ठांच्या सरकारी विम्याला, बोर्ड सर्टिफिकेशनची (आपल्या विषयाच्या तज्ज्ञ मंडळाची परीक्षा पास असण्याची) अट नाही, हे चांगलं. पण कित्येक हॉस्पिटलांच्या नियमावलीत आणि खाजगी विमा कंपन्यांच्या पॅनेलवर बोर्ड सर्टिफाइड किंवा बोर्ड एलिजिबल असणं लागतं. तुमच्या विषयाचं बोर्ड, म्हणजे एबीआयएम, त्याच्या नेहमीच्या मार्गाने परीक्षेला बसू देतं ते मान्यताप्राप्त अमेरिकन किंवा कॅनेडियन रेसिडेन्सी केलेल्यांनाच. म्हणजे टेनेसीने लायसन्स दिलं, दोन वर्षांनी ते पूर्णही झालं, तरी तुम्ही बोर्ड एलिजिबल नाही. उद्या मिस्टरांची बदली दुसऱ्या राज्यात झाली तर? बहुतेक राज्यं पुन्हा रेसिडेन्सीच विचारतील. अनेक राज्यांचं लायसन्स झटपट मिळवून देणारा जो आंतरराज्य करार आहे, त्यातही रेसिडेन्सी आणि बोर्ड या दोन्ही अटी आहेत. थोडक्यात, हे लायसन्स त्या राज्याच्या वेशीपर्यंतचं आहे. ज्यांना एकाच राज्यात मुक्काम ठोकायचाय त्यांना याचं काही वाटणार नाही. एच-वन-बीवरच्या नवऱ्याबरोबर राहणारीने मात्र याचा विचार आधी करायला हवा.

देखरेख प्रत्यक्षात कशी असते याचीही कल्पना हवी. चांगल्या ठिकाणी सुरुवातीचे काही महिने तुमच्या प्रत्येक अ‍ॅडमिशनची नोंद दुसरा डॉक्टर वाचतो, फोनवर चर्चा होते, मग हळूहळू हात मोकळा होतो. साताऱ्यात आयसीयू एकटीने सांभाळणाऱ्या माणसाला पस्तिशीतल्या सहकाऱ्याने डिस्चार्ज समरी दुरुस्त करून देणं सोसावं लागतं, पण तेवढ्यातच इथली औषधांची नावं, विम्याची परवानगी, नोंदी लिहिण्याची पद्धत अंगवळणी पडते. वाईट ठिकाणी देखरेख नावापुरती असते, पगार कमी, रात्रपाळ्या जास्त, आणि तुम्ही काही बोलू शकत नाही, कारण नोकरी गेली तर लायसन्सही गेलं. म्हणून करार वकिलाकडून वाचून घ्या. देखरेख करणारा डॉक्टर सोडून गेला तर पर्यायी कोण, नोकरी सुटली तर किती दिवसांत दुसरी शोधता येते, आणि मालप्रॅक्टिसच्या विम्याचं नोकरी सुटल्यानंतरचं संरक्षण, ज्याला इकडे टेल म्हणतात, त्याचे पैसे कोण भरणार. या टेलची रक्कम ऐकून भल्याभल्यांना घाम फुटतो.

व्हिसा. एच-फोरवर नुसतं येऊन काम करता येत नाही. मिस्टरांची आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डासाठी कंपनीने केलेली याचिका, मंजूर असेल तर तुम्हाला वर्क परमिट, म्हणजे ईएडी, मागता येतं. तुमच्या प्रश्नात याचा उल्लेख नाही, आणि माझ्या मते सगळ्यात आधी तपासायची गोष्ट हीच आहे. ईएडी असेल तर हॉस्पिटलला तुमच्यासाठी काही स्पॉन्सर करावं लागत नाही आणि तुमचा अर्ज एकदम हलका होतो. मात्र नूतनीकरणाचा अर्ज प्रलंबित असताना आपोआप मिळणारी मुदतवाढ ऑक्टोबर २०२५ अखेरीपासून बंद झाली आहे, त्यामुळे तारखा सांभाळाव्या लागतात. ईएडी नसेल तर हॉस्पिटलला तुमच्यासाठी एच-वन-बी करावा लागेल. डॉक्टरांना त्यासाठी स्टेप थ्रीसुद्धा पास लागते, राज्याच्या कायद्यात ती नंतरसाठी ठेवलेली असली तरी. सप्टेंबर २०२५ च्या घोषणेने देशाबाहेरून येणाऱ्यांच्या नव्या एच-वन-बी अर्जांवर एक लाख डॉलरची रक्कम लावली, आणि छोट्या ग्रामीण हॉस्पिटलांनी हात आखडता घेतला. रेसिडेन्सीवाले बहुतांश ज्या जे-वनवर येतात तो इथे चालत नाही, कारण तो प्रशिक्षणासाठी आहे आणि ही नोकरी आहे.

मग रेसिडेन्सीच करावी का? हे वय, घर, विषय यावर अवलंबून आहे, आणि तुमच्या वतीने मी ठरवू शकत नाही. माझं मत विचाराल तर मेडिसिनवाल्यांना अजूनही रेसिडेन्सी परवडते. तीन वर्षं, आठवड्याला सरासरी ८० तासांपर्यंत, ज्युनियर म्हणून, तुमच्याच विद्यार्थ्याच्या वयाच्या सीनियरच्या हाताखाली. हे सगळं खरं. पण बाहेर पडलात की बोर्ड, कुठलंही राज्य, फेलोशिप, सगळं उघडं. मॅचची, म्हणजे रेसिडेन्सीची जागा मिळण्याची, खात्री मात्र कोणी देऊ नये. २०२४ मध्ये अमेरिकन नागरिक नसलेल्या परदेशी पदवीधरांपैकी साधारण ५८ टक्क्यांना जागा मिळाली, आणि एमबीबीएस होऊन बरीच वर्षं झालेल्यांचे अर्ज कित्येक प्रोग्राम उघडतही नाहीत. याउलट तुम्ही रेडिओलॉजिस्ट किंवा भूलतज्ज्ञ असतात तर मी वेगळं बोललो असतो, कारण त्या दोन्ही बोर्डांकडे परदेशात प्रशिक्षण झालेल्यांसाठी एकाच मान्यताप्राप्त केंद्रात चार वर्षं काढण्याचा पर्यायी मार्ग आहे. त्यांना हे लायसन्स आणि तो मार्ग यांची सांगड घालता येऊ शकते.

बरं, यातली जमेची बाजू अशी की हा निर्णय आज घ्यायचाच नाहीये. ईसीएफएमजीच्या सर्टिफिकेटपर्यंत दोन्ही रस्ते एकच आहेत. तीच स्टेप वन, तीच टू, तीच ओईटी, तीच कागदपत्रं. फाटा त्यानंतर फुटतो. आणि दोन्हीकडे तुमची चालू प्रॅक्टिस हेच तुमचं भांडवल. म्हणून माझा सल्ला: नोकरी अर्धवेळ करून मागा, रात्रपाळ्या सोडा, पण हॉस्पिटलच्या रजिस्टरवर नाव राहू द्या. स्टेप टूचा निकाल लागेपर्यंत तरी. एक-दोन वर्षं घर दोन देशांत राहील, मुलाच्या वयाला ते जड जाईल, हे मला कळतं. ते जमणारच नसेल तर या, पण मग तात्पुरत्या लायसन्सचा हिशेब मनातून काढून टाका आणि रेसिडेन्सीची तयारी म्हणून या. दोन्हींच्या मधोमध लटकून राहणं सर्वात महागात पडतं.

दरम्यान एक काम आत्तापासून करता येईल. टेनेसीतल्या ज्या हॉस्पिटलांकडे रेसिडेन्सी प्रोग्राम आहेत, त्यांच्या मेडिकल स्टाफ ऑफिसला चार ओळींचा मेल टाका. सीव्ही नको, विनवणी नको. या कायद्याखाली तुम्ही आजवर कोणाला घेतलंय का? घेतलं असेल तर कोणत्या विषयात? देखरेख कोण करतं? कोणत्या विमा कंपन्यांनी त्यांना पॅनेलवर घेतलं? बहुतेक ठिकाणांहून उत्तर येणार नाही. काहींकडून "अजून नाही" येईल. एखाद्याकडून सविस्तर उत्तर आलं, तर तुमची नोकरी बहुधा तिथेच आहे. पुण्या-मुंबईत "रेसिडेन्सीशिवाय अमेरिका" अशी जाहिरात करणाऱ्या एजंटला दोन-चार लाख देण्याआधी हा फुकटचा मेल करून बघा. लायसन्सचा अर्ज एजंटमार्फत करावा लागत नाही, आणि नोकरीची ऑफर देणं एजंटच्या हातात नसतं.

शेवटी तुमच्या नणंदेच्या प्रश्नाबद्दल. त्या बीएएमएस आहेत. ईसीएफएमजी फक्त आधुनिक वैद्यकाच्या पदवीवर चालतं, त्यामुळे यातला एकही मार्ग त्यांना लागू नाही, कोणी कितीही सांगितलं तरी. आणि नुसतं एमबीबीएस करून जनरल प्रॅक्टिस करणाऱ्यांनाही बहुतेक राज्यांत अडचण येईल, कारण मायदेशात रेसिडेन्सीच्या तोडीचं प्रशिक्षण झाल्याचं दाखवावं लागतं. डीएनबीवाल्यांनी (राष्ट्रीय परीक्षा मंडळाची पदव्युत्तर पदवी असलेल्यांनी) अर्ज जरूर करावा. सीपीएसचा (मुंबईच्या कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्सचा) दोन वर्षांचा डिप्लोमा असेल तर त्याच्या भरवशावर तिकीट काढू नका, आधी त्या राज्याच्या बोर्डाकडून लेखी उत्तर मागवा.